संकल्पनविद्येचा अधिकारी

प्रस्तुत निबंधाचा विषय या त्रैमासिकाच्या नित्याच्या वाचकांस प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. सनदा, महजर, बखरी आणि पोथ्या यांत रमणाऱ्या मंडळींस विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील अटींशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी केल्यास तो अयोग्य म्हणता येणार नाही. आम्हांसही गेल्या ज्येष्ठापर्यंत तसेच वाटत होते. परंतु आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, लालबागेत राहणारा व अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात नुकताच गेलेला, एके दिवशी एक छापील कागद घेऊन गिरगावात आमच्या बिऱ्हाडी आला आणि पायरीवरूनच म्हणाला, "सर, बाबा म्हणाले तुम्हांला विचार. डिझाइनला मराठीत काय म्हणतात?" त्याचा मुख्य विषय यंत्रशास्त्र. त्याच्या जोडीस 'बहुविद्याशाखीय संकल्पन' हा दुय्यम विषय घ्यावयाचा झाल्यास कोणत्या अटी पुऱ्या कराव्या लागतात, ते त्या कागदावर दिलेले होते. तो कागद वाचता वाचता या निबंधाचे बीज पडले.

प्रश्न दिसावयास साधा, पण तसा नाही. शासनव्यवहारात 'अभिकल्प' हा शब्द योजिला जातो. चित्रकलेच्या शालेय परीक्षांत 'संकल्पचित्र' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. दोहोंच्या मुळाशी कॢप् हाच धातू. जुळणे, समर्थ होणे, योग्य ठरणे हा त्याचा आशय. कल्पना, संकल्प, विकल्प, प्रकल्प ही सारी त्याचीच लेकरे. अमरकोशात 'आकल्प' हा शब्द वेषभूषेच्या पर्यायांत पडलेला आहे, आणि वस्तूवर वरून चढविलेला साज म्हणजेच संकल्पन अशी जी समजूत आज पुष्कळांची असते, तिला तो शब्द शोभला असता. देशी मराठीत घाट, घडण, बेत, आराखडा असे शब्द आहेत. यावनी शब्दांपैकी 'तऱ्हा' हा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच्या मूळ अरबी रूपाचा अर्थ मांडणी, आखणी असा असून फारसीत आजही या विद्येस 'तर्राही' म्हणतात. मराठीत येऊन तो 'प्रकार' व 'रीत' यांवर थांबला आणि 'तऱ्हेवाईक' या शब्दात तर त्याची थट्टाच झाली. या शब्दातील ऱ् विषयी पुढे पुन्हा बोलावयाचे आहे. मुलास आम्ही 'संकल्पन' हा शब्द दिला. त्याने तो आदरपूर्वक लिहून घेतला आणि पुढे 'डिझाइन' असेच म्हणत राहिला.

आता त्या अटींविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचा जो श्रेयांक-आराखडा प्रसिद्ध केला, त्यात तीन वर्षांच्या पदवीस १२० व चार वर्षांच्या पदवीस १६० श्रेयांक धरले असून दुय्यम विषयास अनुक्रमे २४ व ३२ दिले आहेत. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात पंधरा तास. प्रात्यक्षिकाचा म्हणजे तीस तास. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीच्या नव्या रचनेत बहुविद्याशाखीय दुय्यम विषयास १४ श्रेयांक आहेत. हे सर्व कार्यशाळेतच खर्ची घातले असे धरले तरी ४२० तास होतात. रोज आठ तास राबणाऱ्या उमेदवाराच्या हिशेबाने साडेबावन्न दिवस. मुलाच्या कागदावर रेखन, द्रव्यांची ओळख, वस्तू वापरणाऱ्या माणसाचे निरीक्षण, संगणकावरील आकृती आणि शेवटी एक प्रकल्प, अशी विषयांची उतरंड होती. विषय वाईट नाहीत. परंतु शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध सांगण्याची आपली जुनी चाल आहे. या कागदात विषय होता, प्रयोजनही ओझरते होते. अधिकारी मात्र कोठे नव्हता. किती तास बसावयाचे ते सांगितले होते. काय येत असल्यावाचून बसू नये आणि उठताना कोणता संस्कार घेऊन उठावे, याविषयी कागद मुका होता.

अन्य विद्येतून आलेल्या मनुष्याने घडणीच्या विद्येत शिरावयाचे तर त्याचा अधिकार कशाने ठरतो, हा प्रश्न नवा नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तृतीय खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषीकडे मूर्तिलक्षण शिकण्याची इच्छा धरून येतो. ऋषी म्हणतात, चित्रसूत्र जाणल्याखेरीज ते कळणार नाही. राजा चित्रसूत्र मागतो, तेव्हा त्याआधी नृत्तशास्त्र पाहिजे असे उत्तर मिळते. नृत्तास वाद्य, वाद्यास गीत, आणि गीतास संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश भाषांचे ज्ञान. बिचाऱ्या राजास दगडाला हात लावण्यापूर्वी व्याकरणापर्यंत मागे जावे लागले. ही कथा पुष्कळदा सर्व कलांच्या ऐक्याचा दाखला म्हणून सांगतात. आमच्या मते तीत एक रोकडा व्यवहार आहे. जी वस्तू घडवावयाची ती प्रथम वाचता आली पाहिजे, इतकेच ऋषींचे म्हणणे. या पुराणाची छापील प्रत १९१२ साली प्रथम हाती आली ती मुंबईच्याच खेतवाडीतील श्रीवेंकटेश्वर छापखान्यातून, आणि तिच्याच आधारे स्टेला क्रामरिश या विदुषींनी त्या खंडाचे इंग्रजी भाषांतर केले. म्हणजे हा जुना अधिकारविचार जगापुढे गेला तो आमच्या बिऱ्हाडापासून हाकेच्या अंतरावरून.

महाराष्ट्रात हा व्यवहार प्रत्यक्षात कसा उतरला, ते पाहावयाचे तर छापील अक्षराइतका स्वच्छ पुरावा दुसरा नाही. मिरज येथे गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने शके १७२७ म्हणजे १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली, हे वाचकांस विदित आहेच. त्या कामात तांबट पाहिजे, आणि शास्त्रीही पाहिजे. कारण ठशासाठी अक्षर उलटे कोरावयाचे असते आणि उलट्या अक्षरातील अशुद्ध हे तांबटाच्या नजरेस सहज येत नाही. त्याआधी दहा-पंधरा वर्षे पुण्यात रेसिडेंट मॅलेटच्या प्रेरणेने जेम्स वेल्स या चित्रकाराने आपल्या लोकांस यथादर्शन रेखन शिकविले होते, आणि गंगाराम तांबटाने वेरूळच्या लेण्यांची जी चित्रे काढली ती आजही पाहावयास मिळतात. तांबटकाम करणाऱ्या जातीतला मनुष्य चित्रकार होतो व लेण्यांचे मोजमाप घेतो, यास आजच्या भाषेत बहुविद्याशाखीय म्हणावे लागेल. त्या वेळी त्यास कोणी असे मोठे नाव दिले नाही.

मुंबईत या कथेचा मध्यबिंदू अमेरिकन मिशनचा छापखाना होय. तेथे टॉमस ग्रॅहम याने देवनागरीचे ठसे पाडून सुबक खिळे तयार केले. त्याच छापखान्याच्या सावलीत गणपत कृष्णाजी यांनी शिळाछापाची कला पाहून घेतली, आपल्या हाताने यंत्र व शाई तयार केली आणि १८३१ साली पंचांग छापले. कै. गोविंद नारायण माडगावकर यांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या ग्रंथात त्यांच्या खटपटीची हकीकत दिली आहे, ती मुळातून वाचण्याजोगी आहे. सोवळे मोडेल म्हणून छापील पोथीस हात न लावणाऱ्या मंडळींसाठी तुपाची शाई वापरली गेली, अशी आठवण सांगतात. संकल्पनाच्या अभ्यासक्रमात 'वापरणाऱ्याचे निरीक्षण' हा जो विषय आज मोठ्या थाटाने येतो, त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस सुचत नाही. वाचकाच्या मनात किंतु कोठे आहे हे ओळखून द्रव्य बदलणे, यालाच ती मंडळी संकल्पन म्हणतात.

त्याच मिशनच्या छापखान्यात जावजी दादाजी चौधरी हे लहान वयात खिळे घासण्याच्या कामास लागले. जन्म १८३९. शालेय विद्या बेताची, संस्कृताचा गंध नाही. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. रानूजी रावजी आरू हे अक्षरे कोरणारे कुशल कारागीर त्यांचे सहकारी होते. काळबादेवीच्या कोळभाट गल्लीतून पुढे जे बाहेर पडले, त्यावर संस्कृताच्या किती पिढ्या वाढल्या हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. आमचे स्वतःचे रघुवंश व सिद्धान्तकौमुदी तेथलीच होती, आणि त्या पानांवरील संयुक्ताक्षरे आजही डोळे मिटले असता दिसतात.

या कामाचा क्रम थोडा विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण अधिकाराचा प्रश्न येथेच उलगडतो. प्रथम अक्षराचे वळण कागदावर ठरवावयाचे. मग पोलादाच्या कांडीच्या टोकावर कानशीने व कोरणीने ते उलटे, उठावदार कोरावयाचे. कांडी तापवून पाणी द्यावयाचे, आणि तिचा घाव तांब्याच्या तुकड्यावर मारून साचा घ्यावयाचा. साच्यात शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला म्हणजे खिळा निघतो. शिसे मऊ, म्हणून त्यास अँटिमनीचा कठीणपणा द्यावयाचा. या साच्यास इंग्रजीत जो शब्द आहे तो लॅटिन 'माता' या शब्दापासून निघालेला; आपल्याकडे 'मातृका' म्हणजे वर्णमाला, आणि दक्षिणेकडील पंडित हस्तलिखितासही मातृकाच म्हणतात. तिन्ही ठिकाणी आईच. हा योगायोग की आणखी काही, ते भाषाशास्त्रज्ञांनी पाहावे.

रोमन लिपीचे काम थोडक्या खिळ्यांत भागते. देवनागरीस शेकडो लागतात, कारण काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे. कोणती जोडाक्षरे कोरावयाची? हा प्रश्न कारागिराचा नव्हे, वैयाकरणाचा आहे. 'ङ्क्ष', 'ष्ट्य', 'द्ध्व', 'त्स्न्य' ही रूपे भाषेत खरोखर येतात की नाही, याचे उत्तर कानशीजवळ नसते. वैदिक ग्रंथ छापावयाचे तर उदात्त-स्वरितांच्या रेषांना अक्षराच्या वर-खाली जागा पाहिजे. ती जागा किती ठेवावी हे ओतणाऱ्यास वेदपाठी सांगेल तेव्हाच कळणार. जावजींनी यासाठी शास्त्री पदरी बाळगले. काशिनाथ पांडुरंग परब, पुढे वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर ही नावे निर्णयसागरच्या मुखपृष्ठांवर ज्यांनी पाहिली नाहीत असा संस्कृतज्ञ विरळा. १८८६ साली पंडित दुर्गाप्रसाद यांच्या साहाय्याने काव्यमाला सुरू झाली, तेव्हा ठिकठिकाणच्या पोथ्या शोधून, पाठ जुळवून मग ओळ जुळाऱ्याकडे जात असे. याचाच अर्थ असा की, संग्राहक, संपादक, अक्षर कोरणारा, ओतारी व जुळारी हे एका गल्लीत, एका छपराखाली बसत होते. 'शुद्ध' मधला द्ध आणि हल्ली पाट्यांवर दिसणारा 'शुध्द' मधला ध्द यांतील भेद त्या छपराखालील शिकाऊ पोरासही ठाऊक असणार. जावजींना स्वतःस संस्कृत येत नव्हते. परंतु आपल्याला काय येत नाही आणि ते कोणास येते, याचे ज्ञान त्यांना पूर्ण होते. दुय्यम विषय घेणाऱ्याचा अधिकार याहून नेमका सांगता येणार नाही.

असो. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत कलाशाळा सुरू झाली, तिची हकीकत अनेकांनी लिहिली असल्यामुळे आमच्या मुद्द्यापुरतीच सांगतो. १८६५ च्या सुमारास तेथे तीन कार्यशाळा उभ्या राहिल्या. जॉन ग्रिफिथ्स यांजकडे शोभाचित्रण, लॉकवुड किपलिंग यांजकडे वास्तूवरील मूर्तिकाम, आणि हिगिन्स यांजकडे घडीव लोखंडाचे नक्षीकाम. शाळेत चित्रे काढून भिंतीवर टांगावयाची हा हेतू नसून शहर उभे राहात होते त्याच्या भिंतींशी शाळेचा सांधा जोडावयाचा होता. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरील किपलिंगची उठावशिल्पे, बोरीबंदर स्थानकाच्या अंगावरील दगडी पाने-पक्षी हे सर्व त्या सांध्याचे साक्षी. ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांस घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, म्हणजे पुराणवस्तूच्या सान्निध्यात शिक्षण हा भागही सुटला नव्हता. १८९१ साली रे आर्ट वर्कशॉप्स निघाली. इकडे १८८७ साली भायखळ्यास तांत्रिक संस्था सुरू झाली, तीच पुढे १९२३ साली माटुंग्यास गेली. गिरण्यांना माणसे पुरविणे हे तिचे काम. कला एकीकडे व यंत्र एकीकडे, अशी फाटणी तेव्हापासून पडू लागली असे आमचे मत आहे, जरी दोन्ही संस्थांतील अध्यापकांनी ती कधी मनावर घेतली नसेल.

या फाटणीवर एक ठिगळ होते, आणि ते गावोगावच्या शाळांत होते. एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस कोण ओळखत नाही? वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि चौथा कागद भूमिती व अक्षरलेखन यांचा. डॉक्टर होणारा, वकील होणारा, गिरणीत जाणारा असा प्रत्येक मराठी मुलगा बोरू नाही तर चौकोनी टोकाचा कुंचला घेऊन या परीक्षेस बसे. प्रस्तुत लेखकाने संस्कृत शिकविता शिकविता एकतीस वर्षे या परीक्षांच्या वेळी पर्यवेक्षण केले आहे. पाणी सांडणे, रंग वाहणे, रबर मागणे यांत दोन-अडीच तास जात. परंतु अक्षरलेखनाच्या कागदास वर्गात जी शांतता पडे ती अन्य कागदास पडत नसे. शिरोरेषा सरळ येईना म्हणून रडवेली झालेली एक मुलगी आम्हांस आठवते. ती पुढे स्थापत्याची अभियंता झाली व दादरला कचेरी थाटून बसली. बहुविद्याशाखीय दुय्यम विषयाची पहिली पायरी ही अशी शंभर वर्षांहून अधिक काळ शालेय वयातच चढविली जात होती. ती परीक्षा आजही होते. मात्र विद्यापीठाच्या वाटेवर तिचे पुढे काय होते, हे विचारणारा भेटत नाही. त्या मुलाच्या कागदावरही तिचा उल्लेख नव्हता.

एका माणसाच्या ठिकाणी ह्या सर्व विद्या एकत्र आल्याचे उदाहरण पाहिजे असल्यास कै. दादासाहेब फाळके यांचे नाव घ्यावे. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान, विल्सन कॉलेजात अध्यापनास म्हणून त्र्यंबकेश्वराहून मुंबईस आलेले. मुलगा १८८५ साली जे. जे. कलाशाळेत गेला, नंतर बडोद्याचे कलाभवन, तेथे चित्र, मूर्ती, वास्तुरेखन व छायाचित्रण, १९०३ साली पुराणवस्तु खात्यात रेखक व छायाचित्रकार, मग ठसे व रंगीत छपाईचा छापखाना, तो दादरला, १९०९ साली छपाईची यंत्रे पाहावयास जर्मनी, १९१२ साली लंडन. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पौराणिक कथा घरातून, वेषभूषा व मंदिरे पुराणवस्तूंच्या परिचयातून, रसायन छपाईतून. कोणत्या विद्येचे किती श्रेयांक, ते त्यांनी मोजले नाहीत. अर्थात सर्वांनी फाळके व्हावे असे कोणी म्हणू नये. त्यांच्या संसारास या विद्यासंचाराची किंमत मोजावी लागली हेही विसरता येत नाही.

पुढील काळात शाखा वाढल्या आणि भिंतीही वाढल्या. जे. जे. मध्ये १९३५ साली व्यापारी कलेचा विभाग निघाला. १९५८ साली वास्तुविद्या व १९६१ साली उपयोजित कला वेगळ्या संस्था झाल्या. १९६९ साली पवईस औद्योगिक संकल्पन केंद्र स्थापन झाले. तेथे १९८३ पासून अध्यापन करणारे रघुनाथ कृष्ण जोशी हे जे. जे. चे विद्यार्थी, कवी, सुलेखनकार व टंकरचनाकार. संगणकावरील 'मंगल' हा देवनागरी टंक त्यांच्या हातचा. जुन्या पोथ्यांची व शिलालेखांची वळणे त्यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवली, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करितो. २०२३ साली जे. जे. च्या तिन्ही संस्था पुन्हा एका अभिमत विद्यापीठात एकत्र आल्या आहेत. पासष्ट वर्षांनी भाऊबंद एका घरी नांदू लागले. या घरात पोथीस खोली मिळते की नाही, हाच आमचा प्रश्न.

प्रश्नात केवळ भावना नाही, नुकसान आहे, आणि ते दाखविता येते. मराठी ल हा दोन पाकळ्यांचा; हिंदी वळणाचा ल दंडास टेकलेला. मराठी श देठाचा, हिंदीचा गाठीचा. आपल्या पोथ्यांत, निर्णयसागरच्या खिळ्यांत व शाळेच्या कित्त्यांत ही मराठी वळणे होती. संगणकाच्या संकेतप्रणालीत ल साठी एकच क्रमांक असल्यामुळे त्याला कोणते रूप द्यावे हे टंक घडविणारा ठरवितो, आणि त्यास भेद ठाऊक नसल्यास हिंदी वळण आपोआप येते. महाराष्ट्र शासनास ६ नोव्हेंबर २००९ रोजी निर्णय काढून पाकळीयुक्त ल व देठयुक्त श हेच मराठीचे, असे सांगावे लागले. तरीही परळ-दादरच्या पाट्या पाहाव्यात. जी गोष्ट कोळभाट गल्लीत सांगावी लागत नव्हती, तिच्यासाठी शासननिर्णय लागला.

दुसरे उदाहरण वर राखून ठेवलेल्या ऱ् चे. 'तऱ्हा' मधला ऱ् रफाराने लिहिता येत नाही. आचार्यांना बोलावणे आणि आचाऱ्यांना बोलावणे यांत जो फरक आहे तो लग्नघरी चांगलाच कळतो. हे अक्षर ज्या टंकात नाही, त्या टंकाचा कर्ता कितीही कुशल असो, त्याने मराठी वाचलेली नाही. तिसरे, पृष्ठमात्रेचे. जुन्या पोथीत ए-कार व ओ-कार यांची मात्रा अक्षराच्या आधी, उभी असते. ती ज्याने पाहिली नाही तो पोथीची प्रतिमा संगणकाकडून वाचविण्याचे यंत्र करू जाईल तेव्हा त्या मात्रेस काना समजेल. आज असे यंत्र करण्यास तरुण अभियंते उत्सुक आहेत आणि आपल्या दफ्तरांची व्यवस्था पाहता त्या यंत्राची आपणांस निकड आहे. यंत्र चुकीचे वाचू लागले तर चुकीचे पाठ सहस्रावधी प्रतींनी पसरतील; लेखकप्रमाद निदान एका पोथीत राहात असे.

आमची सूचना मर्यादित आहे. चौदा श्रेयांकांपैकी दोन श्रेयांक, म्हणजे साठ तास, विद्यार्थ्याने एखाद्या हस्तलिखित संग्रहात घालवावेत. निबंध लिहावयाचा नाही. एका पोथीची दहा पाने बोरूने उतरून काढावयाची, त्यातील प्रत्येक अक्षराची रूपे वेगळी मांडावयाची, आणि अखेरीस त्या वळणाचे एक जोडाक्षर पोलादात नाही तर निदान लाकडात कोरून छापून दाखवावयाचे. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था हाताशी असता जागेची अडचण सांगता येणार नाही. अडचण आहे ती आमच्या बाजूची. संग्राहक पोथीस हात लावू देत नाहीत. आम्ही स्वतः दिलेला नाही. शाईची बोटे, घामट तळवे, पानांचा क्रम बिघडणे ही भीती खोटी नाही, आणि एका परिचिताच्या संग्रहातील शेवटचे पान अशाच कोणा अभ्यासूने नेले ते परत आले नाही. तरीही आमच्या कपाटात बासनात बांधलेली पोथी गेली वीस वर्षे आमच्याखेरीज कोणी वाचलेली नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून आषाढात त्या मुलास पुन्हा बोलाविले. हात धुवून घेतले, पाट दिला, आणि घराण्यातील शिवलीलामृताची एक जुनी पोथी त्याच्यापुढे उघडली. पहिल्या दिवशी त्यास एकही ओळ लागली नाही. पडिमात्रा नव्हत्या, तरी शब्द तोडलेले नसल्यामुळे तो गोंधळला. तिसऱ्या दिवशी तो वाचू लागला. चुकत होता, पण वाचत होता. पाचव्या दिवशी त्याने वहीत ल ची सहा रूपे काढून आणली आणि विचारले, "सर, ओळीच्या शेवटी ल बारीक आहे, मध्ये रुंद आहे. लिहिणाऱ्याने मुद्दाम केलं असेल का?" पोथी आमच्या घरात चार पिढ्या आहे. आम्ही ती कितीदा पारायणास घेतली असेल. हे आमच्या ध्यानात आले नव्हते. ओळ समासात बसविण्यासाठी लेखकाने उजवी पाकळी आखूड केली होती, आणि तसे प्रत्येक पानावर दोन-तीनदा केले होते. मुलाने पट्टी मागितली व मापे घेण्यास आरंभ केला. ती मापे पुरी झाल्यावर, अक्षरांच्या आकृत्यांसह, या त्रैमासिकाच्या चालकांकडे पाठविण्याचा विचार आहे.